परक्यास भाषा शिकविताना

परमुलखात गेलेल्या मनुष्यास पहिल्या दिवशी जी उणीव भासते ती बहुधा पैशांची नसते, शब्दांची असते. गाठीस चार पैसे असले तरी ते कोणास द्यावे, किती द्यावे आणि दिल्यावर परत काय यावयाचे, हे विचारता येत नाही तोवर त्या पैशांचा आधार वाटत नाही. आपल्या गावी जो चारचौघांत शहाणा गणला जातो, ज्याच्या शब्दास पारावर वजन असते, तोच परक्या शहराच्या स्थानकावर उतरला म्हणजे पाच वर्षांच्या पोराइतका अजाण होतो. त्याची बुद्धी गेलेली नसते, अनुभवही गेलेला नसतो. ती सारी मिळकत एका कुलुपात अडकलेली असते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. अशा वेळी कोणी सद्गृहस्थ पुढे होतो, त्यास चार शब्द शिकवितो, रस्ता दाखवितो, अर्ज लिहून देतो. हे कृत्य चांगले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ते कोणत्या जातीचे कृत्य आहे, असा प्रश्न केल्यास उत्तर तितके सोपे नाही. तो उपकार आहे काय? ते कर्तव्य आहे काय? की ती एक प्रकारची देवघेव आहे, आणि तशी असल्यास शिकविणाऱ्याने मोबदला म्हणून काय घ्यावे? या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही आज योजिले आहे.

धाराशिवसारख्या आडवळणाच्या जिल्ह्यात बसून हा विचार करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणास येईल. आमच्या मते या विचारास याहून योग्य जागा मिळणे कठीण. हा जिल्हा भाषांच्या सीमेवर वसलेला आहे. उमरग्याच्या पलीकडे चार कोस गेले की कानडी कानी पडू लागते. तुळजापूरच्या बाजारात आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास उभे राहिले तर कानडी, तेलुगू आणि मराठी यांचा असा गलका ऐकू येतो की देवी नेमके कोणाचे गाऱ्हाणे ऐकत असेल याचे कौतुक वाटावे. जुन्या काळाकडे वळावे तर आमचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकात नमूद आहे. येथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी जात असे व तेथून समुद्रापार जाई. त्या काळी तेरच्या पेठेत कोणत्या भाषेत भाव ठरत असत हे आज कोण सांगणार? परंतु भाव ठरत होते, म्हणजे कोणी तरी कोणास तरी शब्द शिकवीत होते, हे निश्चित.

बाजार हा भाषेचा पहिला गुरू होय. तुळजापूरचा कुंकवाचा दुकानदार कलबुर्गीकडून आलेल्या म्हाताऱ्या बाईशी कानडीत बोलतो, त्यात त्यास कमीपणा वाटत नाही आणि तिलाही उपकाराचे ओझे होत नाही. दोघांची गरज दोघांस ठाऊक असते. या व्यवहारात एक स्वच्छपणा आहे व तो आम्हांस आवडतो. पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. बाजार शिकवितो ते आकडे आणि वस्तूंची नावे. त्या बाईस रात्री ताप भरला, तिचे गाठोडे हरवले, किंवा पोलिसाने तिला हटकले, तर कुंकवाच्या दुकानात शिकलेले शब्द तेथे पुरे पडत नाहीत. बाजारास तिची गरज आहे तोवर बाजार तिची भाषा बोलतो. गरज संपली की ती पुन्हा मुकी होते. तेव्हा निव्वळ देवघेवीच्या तत्त्वावर आमच्या प्रश्नाचे उत्तर उभे राहत नाही.

दुसरा गुरू म्हणजे राज्यसत्ता, आणि तिचा अनुभव या जिल्ह्यास पुष्कळ आहे. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. इंग्रजीची मिरासदारी झुगारून देशी भाषेत वैद्यक आणि शास्त्रे शिकवावी, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारावे, हा संकल्प मोठाच होता, आणि त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. परंतु ज्या न्यायाने इंग्रजी परकी ठरली त्याच न्यायाने परंड्याच्या कुणब्यास, वरंगळच्या तेलुगू शेतकऱ्यास आणि रायचूरच्या कानडी विणकरास उर्दू परकी होती, याचा विसर त्या संकल्पास पडला. आमचे आजोबा जमिनीच्या तंट्यासाठी तहसील कचेरीत जात. अर्ज अर्जनवीस लिही. त्यात काय लिहिले आहे हे आजोबांस कळत नसे. ते खाली मोडीत आपले नाव घालीत आणि देवावर हवाला ठेवीत. स्वतःच्या शेताविषयी स्वतःच केलेली विनंती ज्यास वाचता येत नाही, तो आपल्या गावात राहूनही परगावीच आलेला असतो. गाव न सोडता मनुष्य परका होऊ शकतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

या स्थितीस उत्तर म्हणून जी धडपड झाली तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हैदराबाद शहरात 1907 साली केशवराव कोरटकर प्रभृती मंडळींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा निघाली. आणि आमच्याच जिल्ह्यात, लोहाऱ्याजवळच्या हिप्परगे या लहानशा गावी, 1921 साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे ज्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले ते स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेत काही वर्षे शिक्षक होते. मुलांच्या बुद्धीचे कुलूप त्यांच्याच किल्लीने उघडावे एवढाच या शाळांचा आग्रह होता.

तथापि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांचे शिक्षण उर्दूत झाले. त्यांचे उर्दू अक्षर मोत्यासारखे होते आणि त्या भाषेवर त्यांचे खरे प्रेम होते. ज्या मौलवीसाहेबांनी त्यांस ती शिकविली त्यांचे नाव निघाले की ते हात जोडीत. पुढे राज्य पालटले, 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला. आम्हां सर्वांस त्याचा आनंद झाला व तो योग्यच होता. पण त्याच मौलवीसाहेबांस पुढे साधा दाखला मिळविण्यासाठी दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागला आणि त्यांनी तो न वाचता त्यावर सही केली, ही गोष्ट वडील सांगत तेव्हा त्यांचा आवाज खाली जाई. आजोबांची जागा मौलवीसाहेबांनी घेतली होती. दोष उर्दूचा नव्हता आणि मराठीचाही नव्हे. भाषेचे दार करून त्यावर पहारा बसविला की आत कोण आणि बाहेर कोण हे काळ ठरवितो. दाराबाहेर एक माणूस उभा राहतोच.

आता क्षणभर दूरच्या देशाकडे पाहू. परक्यास आपलेसे करण्याचा प्रयोग अमेरिकेच्या शहरांत जितक्या मोठ्या प्रमाणावर झाला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल, आणि त्या प्रयोगाची दोन परस्परविरोधी रूपे आमच्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात. डेट्रॉइटनजीकच्या फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात 1914 साली कामगारांसाठी इंग्रजीची शाळा निघाली. युरोपातल्या नाना देशांतून आलेल्या मजुरांस तेथे इंग्रजीबरोबर राहणी, स्वच्छता आणि काटकसर यांचेही धडे मिळत. शाळा पुरी केल्यावर समारंभ होई. रंगमंचावर एक प्रचंड कढई मांडलेली असे. मजूर आपापल्या देशाचे पोशाख घालून, गाठोडी घेऊन तीत उतरत, आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन कपडे घालून, हाती निशाण घेऊन बाहेर येत. शिक्षण मिळाले, मजुरीही चांगली मिळाली, हे खरे. परंतु कढईत जे विरघळले ते काय होते, असे त्या समारंभात कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

याच्या उलट शिकागो येथे जेन अ‍ॅडम्स आणि एलेन स्टार या दोघींनी 1889 साली हल हाउस ही संस्था काढली. गरीब नवागतांच्या वस्तीतच घर घेऊन त्या राहिल्या. तेथेही इंग्रजीचे वर्ग चालत. परंतु काही वर्षांत अ‍ॅडम्सबाईंच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. मुले इंग्रजी शिकून चटपटीत होत होती आणि त्याच मानाने त्यांस आपल्या आयांची लाज वाटू लागली होती. डोईस रुमाल बांधणारी, चार इंग्रजी शब्दही धड न येणारी आई बरोबर असली की ही मुले दुसऱ्या दाराने आत येत. तेव्हा 1900 साली अ‍ॅडम्सबाईंनी श्रमाचे एक संग्रहालय उघडले. त्यात या आयाच चात्या आणि चरखे घेऊन बसत व आपल्या देशात सूत कसे काढतात ते पाहुण्यांस दाखवीत. ज्या बाईस मुलगी अडाणी समजत होती तिच्या बोटांतले कसब पाहावयास परकी सुशिक्षित मंडळी येतात हे मुलीने पाहिले, आणि ती आईबरोबर एकाच दाराने आत येऊ लागली. अ‍ॅडम्सबाईंस पुढे 1931 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण आमच्या दृष्टीने त्यांचे मोठेपण आपल्याच उपकारातला दोष त्यांस दिसला आणि तो त्यांनी लपविला नाही, यात आहे.

मराठी वाचकांस या संदर्भात आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहणार नाहीत. 1883 च्या जून महिन्यात अठरा वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिला घ्यावयास कार्पेंटरबाई आल्या होत्या. गोपाळरावांनी एका मिशनरी मासिकाकडे पाठविलेला मजकूर वाचून या बाईंनी कोणतीही ओळखदेख नसता पत्रव्यवहार सुरू केला होता. त्यांनी आनंदीबाईंस रोझेल येथील आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केले होते; आणि अमेरिकेतल्या थंडीत, आहाराचे हाल सोसूनही, त्यांनी तो शब्द पाळला. 1886 साली त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या व पुढल्याच वर्षी पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, पोकीप्सी येथे विसावल्या आहेत. कार्पेंटरबाईंनी या मुलीस आश्रय दिला, आधार दिला, आणि त्याचे मूल्य म्हणून तिचा धर्म, वेश वा अन्न मागितले नाही. ती जशी आली तशीच तिला आपली म्हटले. मावशी या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

येथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, ‘‘तुमचे हे हळवेपण परक्याच्या हिताचे नाही. नळदुर्गाच्या आसपासच्या तांड्यावरचे लमाण मूल शाळेत येते तेव्हा त्यास घरची गोरबोली येते, पुस्तकातली मराठी येत नाही. त्याच्या बोलीचे कौतुक करीत बसाल तर ते चौथीतच शाळा सोडील आणि बापाबरोबर ऊसतोडीस जाईल. त्यास मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा, आणि लवकर शिकवा. जुने टाकल्यावाचून नवे येत नाही.’’

या आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना आम्ही त्याहून पुढे जाऊ. परक्यास भाषा न शिकविणे हे पुष्कळदा औदार्याचे सोंग घेतलेले स्वार्थीपण असते. ज्या मजुरास हिशेबाची चिठ्ठी वाचता येत नाही त्याचा हिशेब हवा तसा मांडता येतो. ‘त्यांची रीत निराळी, त्यांस त्यांच्या रीतीने राहू द्या’ हे वाक्य संतांच्या तोंडी शोभेल. मुकादमाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होतो. तेव्हा शिकविलेच पाहिजे, आणि पुरते शिकविले पाहिजे. परंतु जुने टाकल्यावाचून नवे येत नाही, हा जो उत्तरार्ध, तो अनुभवास धरून नाही. मनुष्याचे डोके म्हणजे एका मापाचा डबा नव्हे, की ज्वारी ओतल्यावाचून गहू भरता येऊ नये. कानडी अंगणात वाढलेली आणि मराठी ओसरीवर नांदलेली बाई आमच्या उमरग्याकडे घरोघर सापडेल. तिने काय टाकले?

आक्षेपकाच्या मनात जे खरोखर असते ते आम्हांस ठाऊक आहे, कारण ते आमच्याही मनात होते. त्याची कबुली दिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

1972 च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी आम्ही परंडे तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलो. वसतिगृहात पहिल्या सायंकाळी कोणी विचारले, तेव्हा आम्ही सहज ‘जेवायलोय’ असे म्हणालो. खोलीत हशा पिकला. पुढे पंधरा दिवस आम्हांस हाक मारावयाची ती त्याच शब्दाने. कोणी वाईट नव्हते. त्यांतलेच दोघे आजही आमचे स्नेही आहेत, आणि आमचे बोलणे ‘सुधारावयास’ त्यांनीच मदत केली. आम्ही सुधारलो. दिवाळीस घरी आलो तेव्हा आईने उंबऱ्यातूनच विचारले, ‘‘काय करायलास रे तिकडं?’’ आणि आम्ही तिला म्हणालो, ‘‘आई, ‘करायलास’ नाही, ‘करतोस’ म्हणावं.’’ ती काही बोलली नाही. परंतु त्या सुटीत ती आमच्याशी जपून, थोडे बोलत राहिली. आपल्याच मुलाशी बोलताना तिला शब्द तपासावे लागत होते. आईस तिच्याच घरात आम्ही परकी केली, हे कळावयास आम्हांस पुढली चाळीस वर्षे लागली. ते कसे कळले तेही सांगतो.

काही वर्षांपूर्वी धाराशिवास आमच्या शेजारी एका घराचे बांधकाम चालू होते. फरशी बसविणारा एक कारागीर बिहारातून सहकुटुंब आला होता व त्या अपुऱ्या घरातच बिऱ्हाड करून होता. त्याचा आठ वर्षांचा मुलगा शाळेत जाऊ लागला, पण त्यास काही समजेना. आम्ही नुकतेच नोकरीतून निवृत्त झालो होतो. रोज सायंकाळी त्यास ओट्यावर घेऊन बसू लागलो. मूल तल्लख होते. चार महिन्यांत ते मराठी वाचू लागले, सहा महिन्यांत पाढे घडाघडा म्हणू लागले. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास त्याचे बोलणे ऐकवीत असू आणि लोक आमची वाखाणणी करीत. एके दिवशी त्याची आई पदर सावरीत ओट्यापाशी आली व आपल्या भोजपुरीत त्यास काही विचारू लागली. मुलगा उत्तर देईना. तिने पुन्हा विचारले. तेव्हा तो आमच्याकडे पाहून स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘काका, तिला काही कळत नाही.’’

चाळीस वर्षांपूर्वीची ती दिवाळी आमच्यापुढे उभी राहिली. पुण्याच्या त्या खोलीत जे आम्हांस शिकविले गेले तेच, व्याकरणासकट, आम्ही या पोरास शिकविले होते. आम्ही कधी त्याच्या आईस तुच्छ म्हटले नव्हते. पण त्याने एक भोजपुरी शब्द उच्चारला की आम्ही हसून मान हलवीत असू, आणि मराठी उच्चारला की पाठ थोपटीत असू. मुलास तेवढे पुरे होते. जिची लाज वाटली पाहिजे ती कोण, हे त्याने आमच्या मानेवरून ओळखले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याच्या आईसही ओट्यावर बोलाविले. ती प्रथम येईना. आमच्या घरातून बोलावणे गेले तेव्हा आली. मग एक नवाच क्रम सुरू झाला. ती एक शब्द देई, आम्ही एक शब्द देऊ, आणि मुलगा मधे दुभाषी. तिने मिठास ‘नून’ म्हटले तेव्हा आम्ही थबकलो. संस्कृतातल्या लवणापासून निघालेली ही वाट तिच्याकडे नून होऊन पोहोचली आणि आमच्याकडे तीच वाट लोणच्याच्या बरणीत शिरली! हे आम्ही मुलास समजावून सांगितले. आईच्या तोंडचा शब्द आणि काकांच्या बरणीतला शब्द ही एकाच घरची लेकरे आहेत हे ऐकून त्याने आईकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर शिकागोच्या संग्रहालयात त्या मुलींच्या डोळ्यांत असावी.

त्या बाईस शिकविताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. तिला मराठी अगदीच येत नव्हती असे नाही. कामावर शिकलेले पाचसहा शब्द तिला येत होते: ये, जा, थांब, लवकर, उचल. सारे आज्ञेचे शब्द! परक्यास आपण जी भाषा पहिल्याने देतो ती त्याने ऐकावयाची भाषा असते, बोलावयाची नव्हे. ‘उचल’ हा शब्द तर आमच्या भागात दुहेरी अर्थाचा. ओझे उचल असे म्हणताना जो, तोच मजुरास हंगामापूर्वी दिलेल्या आगाऊ रकमेचाही. दोन्ही अर्थांनी तो मजुराच्या पाठीवरच बसतो. तेव्हा आम्ही क्रम बदलला. आधी ‘किती?’ शिकविले, मग ‘का?’, मग ‘केव्हा देणार?’ आणि मग ‘नको’.

या ‘नको’ची गोष्ट मोठी मौजेची आहे. उत्तरेकडून जी भाषा दक्षिणेत येऊन दखनी झाली तिने आमच्या मराठीपासून जे उचलले त्यांत हा शब्द ठळक आहे. हैदराबादेत आजही ‘नक्को’ म्हणतात. राज्य करावयास आलेल्यांनी रयतेपासून नकाराचा शब्द घ्यावा, यात इतिहासाचा थोडा विनोद आहे. परंतु त्यात एक तत्त्वही आहे. भाषा खरोखर आली हे कशावरून ओळखावे? आज्ञा समजली म्हणजे नव्हे, आभार मानता आले म्हणजेही नव्हे. ज्या दिवशी परका आपल्या भाषेत आपणांस ‘नको’ म्हणू शकतो, भांडू शकतो, थट्टा करू शकतो, त्या दिवशी किल्ली त्याच्या हाती आली. जे शिक्षण मनुष्यास केवळ ‘होय’ म्हणावयास समर्थ करते ते शिक्षण नव्हे, ती नोकरीची पूर्वतयारी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा उपकार, की कर्तव्य, की देवघेव? आमच्या परंपरेत मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले आहे. त्यांत ऋषिऋण म्हणजे विद्येचे ऋण, आणि त्याची फेड ज्याने दिले त्यास परत देऊन होत नाही. पुढल्यास देऊन होते. भाषेविषयी हे जितके खरे आहे तितके दुसऱ्या कशाविषयी नसेल. आमची म्हणून जी मराठी आम्ही अभिमानाने मिरवितो तीत किती परक्यांनी आपली पुंजी टाकली आहे! दप्तर, तारीख, अर्ज आणि वकील फारसीच्या वाटेने आले. अण्णा आणि अक्का कानडीने दिले. पाव, बटाटा आणि महिन्याचा पगारसुद्धा पोर्तुगिजांनी. ज्यांनी हे दिले त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, त्यांच्यापर्यंत परतफेड पोहोचविण्याचा मार्ग नाही. मार्ग एकच, दारी आलेल्या नव्या परक्यास देणे. म्हणून परक्यास भाषा शिकविणे ही ऋणाची फेड आहे. फेड करणाऱ्यास आभाराची अपेक्षा करता येत नाही, आणि ज्यास दिले त्याच्या पोशाखावर, अन्नावर, घरातल्या बोलीवर हक्क तर मुळीच सांगता येत नाही. सावकारीची भाषा येथे लागू नाही.

आज आमच्या जिल्ह्यातली मुले अमेरिकेस जातात. त्यांची आईवडील सहा सहा महिने जाऊन राहतात व परत आल्यावर सांगतात की तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत परक्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे विनामूल्य वर्ग चालतात, शिकविणारी मंडळी प्रेमळ असते, कोणी हसत नाही. तेथील आमच्याच लोकांनी 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले. नातवंडांची मराठी टिकावी म्हणून शाळा चालविल्या. इंग्रजी शिकावी आणि घरची मराठी राहावी, ही दोन्ही मागणी आम्ही तेथे हक्काने करतो. मग तीच मागणी वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, तांड्यावरच्या मनुष्याने येथे केली तर आम्हांस ती आगाऊपणाची का वाटावी? परदेशी मिळालेल्या सौजन्याची कसोटी स्वदेशी लागते.

शेवटी त्या कुटुंबाविषयी दोन शब्द. शेजारचे घर पुरे झाले. त्यांची जाण्याची तयारी चालली होती. आमच्या घरातून काही जुन्या साड्या व मुलाचे म्हणून नातवाचे जुने कपडे काढून ठेवले होते. आम्ही मोठ्या समाधानाने ते गाठोडे तिच्यापुढे केले. तिने ते पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणाली, ‘‘नको, काका. आहेत आमच्याकडे.’’

खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. तो क्षणभर होता, पण होता. मग गाठोडे आत नेऊन ठेवताना लक्षात आले की हा शब्द तिला आम्हीच शिकविला होता.